पाण्यावरचा कॉम्प्युटर

"काढू नगंस रं त्याच्यावरचं. नवं हाय, नवंच ऱ्हाऊ दे."

चांगुणाबाईंचा हा आवाज प्रदीपरावांच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. भरे गावातल्या त्यांच्या दोन खणांच्या घरात तेव्हा टेबलफॅन आला होता. आकाशी रंगाचा, तीन पात्यांचा, आणि नखशिखांत प्लास्टिकात गुंडाळलेला. पाचवीतल्या प्रदीपनं त्या प्लास्टिकाच्या कडेला नख लावलं मात्र, चुलीपुढून आईचा आवाज आला. ती काही रागावली नव्हती. रागवायची तिला सवय नव्हतीच. भाकरी थापता थापता ती गुणगुणायची, तशीच तेव्हाही गुणगुणली:

नवं लुगडं घडीचं, घडी मोडू नका सया
ऊन लागंल रंगाला, त्याला पदराची छाया

त्या घरात तोवर जे आलं ते कुणाचं तरी वापरून आलेलं. सदरा आला तो दुसऱ्याच्या कोपराची आठवण घेऊन, पुस्तकं आली ती दुसऱ्याच्या नावासकट. पंखा मात्र कोरा होता. त्यावरचं प्लास्टिक म्हणजे आपल्या आधी याला कुणी हात लावला नाही, याची जगाला दिलेली ग्वाही. हे पोराला कुणी समजावून सांगितलं नाही, पण पोराला ते समजलं. मग तो पंखा चांगुणाबाईंनी मोठ्या मनानं आपल्या भावाला देऊन टाकला. पंखा गेला, प्लास्टिकाची निष्ठा राहिली.

आई गेली, प्रदीपराव पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअर-ऑफिसर झाले, जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर झालं. त्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकात होता, फ्रिजच्या दारावर कंपनीची फिल्म होती, सोफ्यावर बसलं की सोफा कुरकुरायचा आणि उन्हाळ्यात उठताना पाहुण्याला धरून ठेवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात गौतमीबाईंनी हौसेनं नव्या मिक्सरवरचा कागद आणि प्लास्टिक सोलून काढलं होतं. प्रदीपराव त्यांना काही बोलले नाहीत. तो आठवडाभर ते कुणालाच काही बोलले नाहीत. तेव्हापासून गौतमीबाईंनी या घरातल्या कुठल्याही पारदर्शक गोष्टीबद्दल मत देणं सोडून दिलं.

अशा या घरात कॉम्प्युटर आला, म्हणजे खरं तर सुट्या भागांचा आला.

त्यांची मुलगी पायल आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. भऱ्यातल्या विहाराशेजारी मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधायचं घाटत होतं आणि पायलनं तिचा आराखडा केला होता. तिच्या आयुष्यातली पहिली इमारत. पण समितीपुढं आणखी एक आराखडा होता. तो कंत्राटदार मनीषचा. मनीषनं मोबाइलवर कुठल्याशा मंगल कार्यालयाचा फोटो दाखवून "डिट्टो असंच करू" असं सांगितलं होतं. फोटोत स्टीलचे कठडे होते, दारात दोन सिंह होते आणि खिडकी कुठंच नव्हती. तरी समितीचं मन सिंहांकडं झुकत होतं, कारण सिंह दिसत होते. पायलच्या कागदावर नुसत्या रेघा होत्या.

समितीचे अध्यक्ष बहिरूनाना स्वच्छ बोलले, "पोरी, रेगा आमाला कळत न्हाईत. आत शिरल्यावर कसं दिसंल त्ये दाव. रविवारी संध्याकाळी बैठक हाय. त्या दिशी ज्ये दिसंल, त्येच बांदायचं."

आत शिरल्यावर कसं दिसेल याची फिल्म कॉम्प्युटरवर करता येते. पण पायलचा जुना लॅपटॉप एक खिडकी रंगवता रंगवता धापा टाकायचा, कॉलेजला सुट्टी लागलेली, आणि फाइल इंटरनेटवरून बाहेर धाडायची म्हटलं तर भऱ्याचं इंटरनेट वाऱ्यावर अवलंबून. दमदार कॉम्प्युटर हवा होता. प्रदीपराव म्हणाले, "तयार घ्यायचा नाही. मी जोडतो."

का, तर कारखान्यात एका पोरगेल्या इंजिनियरनं जेवणाच्या टेबलावर म्हटलं होतं की हल्ली काका लोकांना पेनड्राइव्हसुद्धा उलटा लावायची सवय असते. ते प्रदीपरावांकडं बघून म्हटलं नव्हतं. पण प्रदीपरावांनी ते स्वतःकडं घेतलं, नीट घडी करून ठेवलं आणि भागांच्या यादीत थेट पाण्याचा कूलर घातला. साधा पंखा बसवणं कुणालाही जमतं. प्रोसेसरला टेकणारी तांब्याची प्लेट, तिच्यावर पंप, पंपातून निघालेले दोन काळे पाइप, वर तीन पंख्यांची जाळी, आणि या सगळ्यातून फिरणारं पाणी: हे बसवणारा काका उलटा पेनड्राइव्ह लावणारा असूच शकत नाही.

जोडणीच्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि घरात जाहीर केलं, "मध्ये कुणी बोलायचं नाही."

कुणी बोललं नाही. गौतमीबाईंनी एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून त्या कोथिंबीर निवडायला निघून गेल्या. माहितीपुस्तिका तिच्या सीलबंद पिशवीतच राहिली, कारण ती नवी होती. संध्याकाळी बटण दाबलं आणि पेटीच्या काचेआडून रंगीत दिव्यांचं इंद्रधनुष्य फिरू लागलं. प्रदीपरावांचे वडील, आबा, काठी टेकत आले. बराच वेळ बघून म्हणाले, "आत पानी फिरतंय व्हय? मंजी ह्यो पान्यावर चालतो."

"पाण्यावर चालत नाही आबा. पाण्यानं गार होतो."

"त्येच म्हन्तो मी."

दुसऱ्या दिवशी गावभर झालं की प्रदीपनं पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर केला. पाणी रोज बदलतो का, बोअरचं चालतं का, अशा चौकशा दुधाच्या डेअरीपाशी होऊ लागल्या. प्रदीपराव त्या नम्रपणे झेलत होते. कीर्तीचं ओझं ज्यांनी कधी उचललेलं नाही त्यांना तो नम्रपणा कळायचा नाही.

आणि मग पायलनं फिल्म करायला घेतली.

अभ्यासिकेचं दार उघडलं. उंबरा आला. उंबऱ्यावर कोवळं ऊन पडलं. आणि कॉम्प्युटर बंद पडला. इंद्रधनुष्य मावळलं, पंखे थांबले, घरात फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला.

"पप्पा, तापतोय हा," पायल म्हणाली. "शंभराला टेकला की स्वतःच बंद होतो."

"शंभराला पाणी उकळतं," प्रदीपराव म्हणाले. हे त्यांना शाळेपासून माहीत होतं, पण इतकं लागलं कधीच नव्हतं.

पुन्हा सुरू केला. पुन्हा दार, पुन्हा उंबरा, पुन्हा अंधार. पायलची अभ्यासिका उंबऱ्याच्या आत काही जाईना.

पहिले आले नसीरभाई. पौड रस्त्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि पंचक्रोशीतला प्रत्येक बोअर त्यांना नावानं ओळखायचा. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पाइप डॉक्टरानं नाडी बघावी तसे चिमटीत धरले.

"प्रदीपभाऊ, दोन्ही गार हायेत."

"मग चांगलंच की. गारच करायचंय."

"आवो, एक गरम पायजे. गरम पानी वर, गार पानी खाली. हे दोनीबी गार, म्हंजी पानी जागचं हलत न्हाई. लोड घेत न्हाई तुमचा पंप. बदलून टाका, माझ्याकडं दीड एचपीचा हाय."

"त्या दीड एचपीच्या पंपात हा कॉम्प्युटर मावेल, नसीरभाई."

"मावंल, पन तापनार न्हाई," नसीरभाई म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मग सूसहून अमोल आला. अमोल म्हणजे गौतमीबाईंचा धाकटा भाऊ, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर साधं कॅलेंडर बदलायलाही वरची परवानगी लागत असल्यानं तो भाचीला उधार देणं शक्य नव्हतं. सल्ल्याला परवानगी लागत नव्हती.

"दाजी, सिम्प्टम एकदम क्लिअर आहे. प्रोसेसर हॉट, ट्यूब कोल्ड. पंप फेल्युअर. तुम्ही कंपनीकडं तिकीट रेज करा."

प्रदीपरावांनी तक्रारीचं तिकीट उभं केलं. कंपनीच्या बाईंचा आवाज इतका गोड होता की पहिली पाच मिनिटं त्यांना तक्रार असल्याचाच संकोच वाटला. बाईंनी कूलरचा सिरीयल नंबर मागितला. प्रदीपरावांनी खोका आणला. त्यांच्याकडं सगळे खोके असतात, थर्माकोलासकट. त्यांनी खोक्यावरचा नंबर वाचला.

"सर, खोक्यावरचा चालणार नाही. कूलरच्या पोटाला असतो, त्याचा फोटो लागेल."

"त्यासाठी बसवलेला कूलर काढावा लागेल."

"बरोबर सर."

"मग काढतो."

"सर, बसवलेला कूलर ग्राहकानं काढला तर वॉरंटी लागू राहत नाही."

आयुष्यभर स्टोअरमध्ये प्रदीपरावांनी लोकांना असंच उभं केलं होतं: माल दिल्याशिवाय सही नाही आणि सहीशिवाय माल नाही. ती व्यवस्था किती पक्की आहे हे त्यांना आज पलीकडच्या बाजूनं दिसलं. क्षणभर त्यांना त्या बाईंविषयी आदरच वाटला.

"आणखी काही मदत करू शकते का सर?" बाईंनी विचारलं.

कूलर काढायचा नाही हे ठरलं. मग त्याला न काढता जे जे करता येतं ते सुरू झालं. आबांनी निदान केलं की पाइपात हवा धरली आहे. मोटारीचं पाणी चढेनासं झालं की पाइप हलवायचा, हवा निघते, पाणी धरतं. अमोल म्हणाला, "टेक्निकली आजोबा बरोबर आहेत. एअर बबल असू शकतो." आयटीचा दुजोरा मिळाल्यावर आबांना आवरणं कुणाला शक्य नव्हतं. पायलच्या लहानपणीची झोळी माळ्यावरून उतरली, हुकाला अडकली, आणि तिच्यात कॉम्प्युटर निजवला गेला. आबा दोरी ओढत बसले. प्रदीपराव झोळीला कान लावून.

"बुडबुड वाजलं का रं?"

"वाजलं वाटतं."

"मंग निजू नगं दिऊस त्येला. हवा बाहीर यिऊ दे."

झोळीतला तान्हा डाव्या कुशीवर झाला, उजव्या कुशीवर झाला, एकदा पालथाही झाला. शेजारच्या गोजराबाई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी झोळी हलताना पाहिली, गौतमीबाईंच्या पोटाकडं पाहिलं आणि साखर न घेताच गेल्या.

बाहेर काढल्यावर तो पूर्वीइतकाच तापला. फक्त आता तो तापण्यापूर्वी थोडा गुरगुरायचा.

मग अमोलनं पेटीची काच काढायचं ठरवलं, आत वारा लागावा म्हणून. "दाजी, टेम्पर्ड ग्लास आहे, जरा जपून," असं दाजींना सांगता सांगता त्याच्याच हातून काच निसटली. फरशीवर कोपरा टेकला आणि खळ्ळकन आवाज झाला. पायलनं डोळे मिटले. सगळ्यांनी पाय वर घेतले.

पण एकही तुकडा उडाला नाही. काचेच्या दोन्ही बाजूंचं कंपनीचं प्लास्टिक प्रदीपरावांनी काढलेलं नव्हतं. काच आतल्या आत चांदणं व्हावं तशी हजार ठिकाणी फुटली होती आणि प्लास्टिकानं तिला लेकरासारखं धरून ठेवलं होतं.

प्रदीपराव सावकाश उठले. त्यांनी ती चांदण्यांची काच दोन्ही हातांत उचलून उजेडाला धरली. घरातल्या प्रत्येकाकडं एकेकदा बघितलं. गौतमीबाईंकडं थोडं जास्त वेळ.

"हसायचात ना सगळे? पायल अनवाणी होती. आज हे प्लास्टिक नसतं तर काय झालं असतं?"

गौतमीबाईंच्या ओठांवर जे काही आलं होतं, ते पुन्हा आत गेलं आणि आतून कडी लावून बसलं.

रविवार उजाडला. ओल्या गोणपाटाचा पडदा लावून झाला. कॉम्प्युटर फ्रिजच्या उघड्या दारापुढं ठेवून झाला, त्यात आईस्क्रीम गेलं. अमोलनं सेटिंग मंद केलं, तेव्हा कॉम्प्युटर उंबऱ्यावर थोडा जास्त वेळ रेंगाळला आणि मग गेला. दुपारी जेवणं झाली. पायलनं रेघांचे कागद गोळा केले, त्यांची सुरळी केली आणि रबर लावलं.

"राहू दे पप्पा. मी कागदच नेते. काहीतरी समजावून सांगेन."

हे तिनं इतक्या शांतपणे म्हटलं की प्रदीपरावांना त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. खिडक्या नसलेल्या खोलीत, स्टीलच्या कठड्याआड, दोन सिंहांच्या राखणीत गावची पोरं पुढली पन्नास वर्षं अभ्यास करणार होती. आणि याचं कारण एका काकाला पेनड्राइव्हचा शब्द लागला होता.

"एक विचारू का?" गौतमीबाई म्हणाल्या. "आठवडाभर अबोला धरणार नसाल तर."

"विचार."

"तुम्ही बसवत होतात ना, तेव्हा त्या पंपाच्या डबीच्या पोटाला, तांब्यावर, पारदर्शक काहीतरी चिकटवलेलं होतं. त्यावर लाल अक्षरं होती. ते तसंच ठेवायचं असतं ना?"

"अर्थात," प्रदीपराव सवयीनं म्हणाले. "नवं आहे ते."

घरात फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला.

अमोलनं आधी बहिणीकडं पाहिलं, मग दाजींकडं. पायलच्या हातातली सुरळी हळूहळू खाली आली. आणि प्रदीपरावांना तो व्हिडिओ आठवला. त्यातल्या पोरानं हसत हसत ती फिल्म टर्रकन ओढून फेकली होती, तेव्हा त्यांनी नजर दुसरीकडं वळवली होती. इतकी नासाडी त्यांना बघवली नव्हती.

"मग बोलायचं नाही का आधी?" ते गौतमीबाईंना म्हणाले.

"मला वाटलं, आपल्याकडं असतं तसंच असेल. या घरात काय काढायचं आणि काय नाही, हे मी मिक्सरनंतर ठरवलेलं नाही."

वॉरंटीचा विचार कुणी केला नाही. अमोलनं स्क्रू काढले. डबी उचलली. तिच्या पोटाला, उष्णता वाहून नेणाऱ्या राखाडी लेपाच्या थराआड, ती फिल्म एखाद्या नव्या नवरीसारखी अंग चोरून बसली होती आणि प्रोसेसरची धग तांब्यापर्यंत पोचू देत नव्हती. 'बसवण्यापूर्वी काढा,' असं तीन भाषांत तिच्यावर लिहिलेलं होतं. अमोलनं चिमटा पुढं केला.

"दाजी, तुम्हीच काढा."

प्रदीपरावांनी नखानं कड उचलली आणि फिल्म सोलली. खालून तांबं निघालं, लख्ख, उगवतीच्या रंगाचं. उरलेला लेप त्यांनी अर्थातच जपून ठेवला होता. तो लावला, डबी पुन्हा बसवली, बटण दाबलं. उंबरा आला. उंबऱ्यावर ऊन पडलं. आणि ऊन आत शिरलं.

पायलनं पाइपाला बोट लावलं. "एक गरम झालाय."

नसीरभाईंना फोन गेला. "म्या म्हनलंच व्हतं, एक गरम पायजे," ते म्हणाले.

बैठकीच्या वेळेपर्यंत पायलची फिल्म पुरी झाली नाही. दारापासून उत्तरेच्या मोठ्या खिडकीपर्यंत झाली. विहाराच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं ती लावली तेव्हा गाव दारातून आत शिरलं, बाकांच्या ओळीतून चाललं, भिंतीतल्या पुस्तकांच्या कोनाड्यांवरून त्याची नजर फिरली, खिडकीशी आलं, खिडकीतून समोरचा डोंगर दिसला, आणि भिंत काळी झाली. मनीषचा फोटो मोबाइलमध्येच राहिला.

बहिरूनाना म्हणाले, "खिडकीच्या फुडं काय हाय?"

"तिथं पोरींना बसायला कट्टा आहे नाना. तो अजून व्हायचाय."

"ऱ्हाऊ दे. फुडलं आता बांदूनच दाव."

पायलनं सुरळीचं रबर काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

इथं गोष्ट थांबायला हरकत नव्हती. पण प्रदीपरावांना भरून आलं आणि ते बोलायला उभे राहिले. त्यांनी जाहीर केलं की अभ्यासिकेतले सगळे पंखे आपण देणार, आईच्या नावानं. मग त्यांनी आकाशी टेबलफॅनची गोष्ट सांगितली. आपल्या आळीत पहिला पंखा चांगुणाबाईंच्या घरी कसा आला, त्या माउलीनं त्यावरचं प्लास्टिक कसं निघू दिलं नाही, आणि एवढा नवाकोरा पंखा तिनं भावाला कसा देऊन टाकला. आज झाली ती आपली चूक, पण आईची शिकवण सोडणार नाही. पंखे बसतील, प्लास्टिक राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना खोकल्याची उबळ आली ती भाषण संपेपर्यंत गेली नाही.

घरी परतताना आबा विहाराच्या पायरीवरच थबकले. प्रदीपराव त्यांच्याजवळ थांबले. बाकीचे पुढं गेले होते, पायलचं हसणं रस्त्यावरून ऐकू येत होतं. प्रदीपरावांच्या खिशात तांब्यावरची ती प्लास्टिकची फिल्म होती, चौपदरी घडी घातलेली. त्यांना ती टाकवली नव्हती.

"परद्या, बस जरा."

"काय झालं आबा? दम लागला?"

"दम न्हाई. त्या पंक्याचं." आबांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि तिच्या मुठीकडं बघत राहिले. "त्यो पंका आपला नव्हता रं."

प्रदीपराव बसले.

"कासार आंबोलीला बंगला बांदत व्हते त्ये सायेब, मी तितं माळी व्हतो. वायरिंग झाली नव्हती, म्हनून म्हनले, आबा, तुमच्याकडं ऱ्हाऊ दे तवर. तुजी आय भ्याली. प्लास्टिक फाटलं, वरखडा गेला, तर काय तोंड दावायचं. म्हनून तुला नख लावू देत नव्हती. वायरिंग झाली, म्या डोस्क्यावर घिऊन जाऊन दिला."

"मग मामाला दिला असं..."

"म्या म्हनलं व्हतं तिला, खरं सांगू पोराला. ती न्हाई म्हनली. तू साळंत समद्यांना सांगून आल्ता ना, आमच्यात पंका आलाय म्हनून." आबांनी काठीची मूठ एकदा पुसली. "ती म्हनली, त्येचं नवं हाय, नवंच ऱ्हाऊ दे."